फावल्या वेळाचे काम

गेल्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळचे विद्यार्थी नुकतेच गेले होते आणि मी तंबोऱ्यावर गवसणी चढवीत होतो. इतक्यात दारात एक ओळखीची मूर्ती उभी राहिली. लहानपणी छत्रीबागेतील आमच्या याच घरी माझ्या आईकडे गाणे शिकावयास येणारी ही मुलगी आता दोन मुलांची आई आहे. धाकटा कडेवर होता, थोरलीने पदर धरला होता. हिने मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेल्या, गळा गोड, शिवाय वाणिज्य शाखेची पदवी. दुसऱ्या बाळंतपणापर्यंत ती एका खाजगी कचेरीत हिशेबाचे काम पाहत असे. पुढे कचेरीची वेळ आणि मुलांची वेळ यांचा मेळ बसेना, तेव्हा नोकरी सुटली.

"दादा," ती म्हणाली, "घरी बसून फावल्या वेळात करता येईल असे काही काम सुचवा ना. चार पैसे हाताशी हवेत."

मी सहज विचारले, "तुझा फावला वेळ कोणता?"

ती बोटे मोजू लागली. साडेपाचला उठणे, डबे, थोरलीची शाळेची गाडी, धाकट्याची आंघोळ, सासऱ्यांचे पथ्याचे जेवण, दुपारी गाडी परत येणे, गृहपाठ, संध्याकाळचा स्वयंपाक. बोटे संपली, पण फावला वेळ काही हाती लागला नाही. "दुपारी हा निजतो तेवढा एक तास," अखेर ती म्हणाली, "आणि तोही हा निजला तर."

ती गेल्यावर मी बराच वेळ त्या एका शब्दाचा विचार करीत बसलो. घरी राहून मुले सांभाळणाऱ्या बाईने पैसे मिळवण्याचे म्हटले की आपण सारे, ती स्वतःसुद्धा, त्या कामास 'फावल्या वेळाचे काम' म्हणतो. शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु मला वाटते, या कामाची जी काही दुर्दशा आपल्या सुसंस्कृत घरांतून झाली आहे तिचे मूळ या शब्दातच आहे. जो वेळ फावला, म्हणजे ज्याचा अन्यथा काही उपयोग नव्हता, त्याची किंमत कोण देणार? आणि देणाराने काही दिलेच, तर ते दाम न ठरता कौतुक ठरते.

वस्तुस्थिती काय आहे, ती सरकारी आकड्यांतच पाहावी. १९२४ साली नव्हे, २०२४ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातील विनामूल्य कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे घालवितात, आणि ही कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून अधिक आणि दुसरीकडे दीड तासही नाही. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती आणखी वेगळी. हा हिशेब पाहिल्यावर फावला वेळ शोधावयाचाच झाला तर तो कोणाच्या वाट्यात शोधावा, हे सांगण्यास गणिती लागत नाही.

हे मी इतरांस शिकविण्यासाठी लिहीत आहे असे कोणी समजू नये. माझ्याच घरातली गोष्ट सांगतो.

माझे वडील होळकर दरबारच्या सेवेत गवई होते. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. नोकरीची घडी बसते न बसते तोच दरबार उठला. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी सायकलवरून रामबाग, नारायणबाग, राजवाड्याचा परिसर असे फिरत शिकवण्या करण्यात घालविले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. मला कळू लागले तेव्हा वडिलांचे फिरणे कमी झाले होते आणि घरातल्या शिकवण्या वाढल्या होत्या. त्या शिकवण्या आई करीत असे. दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या मुली येत. आई एकीकडे कुकरच्या शिट्या मोजी आणि दुसरीकडे मुलींच्या मात्रा. कणिक मळलेला हात पुसून ती पेटीवर बसे आणि कोणाचा निषाद उतरला ते स्वयंपाकघरातूनसुद्धा तिला कळे. बाहेर पाटी मात्र वडिलांच्या नावाची होती.

मी सातवीत असेन. शाळेचा एक अर्ज भरावयाचा होता. वडिलांच्या नावापुढे 'व्यवसाय' हा रकाना होता, त्यात मी 'संगीतशिक्षक' लिहिले. आईच्या नावापुढच्या रकान्यात लिहिले, 'गृहिणी'. ते लिहीत असताना आई शेजारच्या खोलीत पाच मुलींना भूप शिकवीत होती. त्या महिन्यात वडिलांना कोठूनच पैसे आले नव्हते आणि माझी फी त्या पाच मुलींच्या पैशातून भरली गेली होती, हे मला ठाऊक होते. तरी माझा हात अडखळला नाही. मला कोणी तसे लिहावयास सांगितले नव्हते. घरातल्या हवेतच ते होते.

आज मी स्वतः घरी राहणारा बाप आहे. माझी पत्नी सकाळी नोकरीवर जाते, मी सकाळ-संध्याकाळ घरीच वर्ग घेतो, आणि दुपारी शाळेतून आलेल्या मुलीचे जेवण, अभ्यास, सर्दी-खोकला माझ्याकडे असतो. या अनुभवाने मला एक गोष्ट दाखविली. मी दार लोटून शिकवू लागलो की घरात व शेजारी सर्वजण हळू बोलतात, कारण 'सरांचा क्लास चालू आहे'. मुलीची वेणी घालताना कोणी पाहिले तर माझे केवढे कौतुक होते! आणि माझी आई तेच करीत असता कोणीही केव्हाही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन वाटीभर साखर मागे, आणि मुलींना म्हणे, "थांबा ग जरा, काकूंशी बोलू दे." माझे काम तो धंदा आणि तिचे काम ती हौस! घर तेच, पेटी तीच, रागही तेच.

याउलट आमच्या जुन्या घरांतून दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. त्यांचा विचार केला पाहिजे, कारण ते वाईट बुद्धीने घेतलेले नाहीत.

पहिला आक्षेप असा की, विद्या ही दान करावयाची वस्तू आहे, तिची घासाघीस घरातल्या बाईला शोभत नाही. हा विचार ऐकावयास उदात्त आहे. परंतु दरबारात गाणाऱ्या गवयाला तनखा मिळत असे आणि सणासुदीला वर बिदागीही मिळे. त्याने ती घेतली म्हणून त्याचा षड्ज हलका झाला, असे आपल्या पूर्वजांपैकी कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. अमीरखाँसाहेबांसारखा गवई ज्या गावात वाढला, त्या गावाने कलेला दाम देण्यात कमीपणा कधी मानला नाही. मग 'विद्यादान' हा शब्द नेमका बाईचीच फी ठरविण्याची वेळ आली म्हणजे का आठवावा?

विष्णु दिगंबर पलुसकरांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. कुरुंदवाडचा हा मुलगा, मिरजेस बाळकृष्णबुवांकडे शिकला. १८९६ साली त्याने मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ते एका राजाच्या मर्जीवर न चालता लोकांच्या पैशावर चालावे, हा त्यातला मोठा विचार होता. गाणे दरबारातून आणि दिवाणखान्यातून काढून त्याने ते चारचौघांच्या घरात आणले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली मंडळ स्थापिले, अभ्यासक्रम बांधला आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांच्या पायऱ्या केल्या. या पायऱ्यांचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. गावोगावच्या शेकडो गृहिणींना त्यांनी घरबसल्या शिकविण्याचा धंदा दिला. अभ्यासक्रम छापलेला, परीक्षा बाहेरची, निकाल सर्वांसमोर. मग वर्ग शाळेत घेतला की माजघरात, याने शिकवणीच्या दर्जात फरक पडण्याचे कारण उरले नाही. दर्जात फरक नसेल तर दामात का असावा?

दुसरा आक्षेप घरच्या इभ्रतीचा. "आमच्या सुनेला काय कमी आहे म्हणून तिने चार लोकांकडून पैसे घ्यावे?" यावर माझे उत्तर असे की, कमी आहे की नाही हे तिलाच ठरवू द्यावे. 'चार पैसे हाताशी हवेत' या तिच्या मागणीत केवळ गरज नाही. मुलीच्या सहलीसाठी किंवा माहेरच्या लग्नात आहेरासाठी प्रत्येक वेळी हात पुढे करावा लागू नये, एवढी साधी इच्छा तीत असते. नोकरी सुटल्यावर ही इच्छा सुटत नाही.

घरी राहून, मुले सांभाळून, आपल्या सोयीच्या वेळी करावयाचे काम ही आजकालची कल्पना आहे असेही नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे नातेवाईक मुंबई-पुण्यास आहेत आणि तिकडची तीन उदाहरणे सर्वांच्या कानावर असतील. त्यांतून काय शिकावयाचे ते मात्र नीट पाहिले पाहिजे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. त्याचेच पुढे 'लिज्जत' झाले आणि मराठी बायकाही त्यात मोठ्या संख्येने आल्या. तेथील कामाची रीत अशी की, सकाळी केंद्रावर जाऊन मळलेले पीठ वजन करून घ्यावयाचे, घरी मुलांकडे पाहत सवडीने लाटावयाचे व वाळवावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देऊन मजुरी घ्यावयाची. लाटण्याची वेळ ज्या त्या बाईची. वजन मात्र सर्वांना सारखे, मजुरीचा दरही सारखा, आणि लाटणारी प्रत्येकजण संस्थेची भागीदार. देणग्या घ्यावयाच्या नाहीत हा नियम त्यांनी प्रथमपासून केला. आम्ही धंदा करतो, आमच्यावर उपकार नकोत, हे त्या सातजणींना पहिल्या महिन्यातच उमगले होते.

दुसरे उदाहरण गिरणगावातील खानावळवाल्यांचे. कोकणातून व घाटावरून आलेल्या गिरणीकामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या बाया. त्यांच्या चुलीवर गिरण्या चालत असे म्हटले तरी चालेल. परंतु त्यांना कोणी व्यावसायिक म्हणत नसे. त्यामुळे बँकेत त्यांना पत नव्हती आणि वाण्याकडची उधारी व सावकाराचे व्याज यांत सारी मिळकत जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून त्यांना एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे दार त्यांच्यासाठी उघडले. स्वयंपाक पूर्वीचाच होता. नवे एवढेच झाले की त्या स्वयंपाकास कागदावर 'धंदा' म्हटले गेले.

तिसरे उदाहरण कडू आहे. सोलापूर, सिन्नर, किंवा आपल्या मध्य प्रदेशातील सागर-दमोहकडे विड्या वळणाऱ्या बाया पाहा. पाने, तंबाखू आणि सूत कारखान्यातून आणावयाचे, घरी विड्या वळावयाच्या, हजारावर मजुरी मिळावयाची. वेळ सवडीची, मुले डोळ्यांसमोर. वरून पाहता याहून सोयीचे काम ते कोणते? परंतु तंबाखूची धूळ त्याच खोलीत, ज्या खोलीत मूल निजते. माल नेऊन दिला की त्यातला काही 'छाट' म्हणून बाजूस पडतो, त्याची मजुरी नाही. पाने कमी भरली तर ती बाजारातून स्वतःच्या पैशाने घ्यावयाची. सवड बाईची आणि तोटाही बाईचाच, असा तो व्यवहार. तथापि याच धंद्यात एक महत्त्वाची गोष्ट झाली. १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईसही कामगार म्हणून मान्यता दिली. कामगार म्हणून नाव लागले म्हणून संघटना झाली, संघटना झाली म्हणून मागणी करता आली. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आहे. ज्या बाईच्या कामाची नोंद झाली तिला घर मिळाले. नोंद झाली नसती तर तिच्या हजारो विड्यांचा धूर झाला असता, एवढेच.

या तीन उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. घरी राहणाऱ्या आईला किंवा बापाला जे काम हवे असते, त्यात वेळ लवचीक असावी लागते हे खरे. मूल ताप घेऊन निजले तर आजचे काम उद्यावर जाता आले पाहिजे. परंतु वेळ लवचीक झाली की आपण दामही लवचीक करून टाकतो, मानही लवचीक करतो, आणि शेवटी त्या कामाचे नावसुद्धा पुसतो. खोट लवचीक वेळेत नाही, या पुढच्या पायऱ्यांत आहे. विलंबित ख्यालात गवई मात्रेच्या मागेपुढे किती का रेंगाळेना, समेवर त्याला यावेच लागते. वेळेचे रेंगाळणे क्षम्य आहे, पण महिन्याच्या पहिल्या तारखेची सम चुकता कामा नये.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणे ही गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांसही मान्य झाली. संगणकावर हिशेब ठेवणे, भाषांतर, शिकवणी, सणाचा फराळ व पुरणपोळ्यांची मागणी, शिवण, असे कितीतरी मार्ग खुले आहेत. आमच्या क्षेत्रात तर परदेशातील मराठी मुलांना पडद्यावरून गाणे शिकविणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. यातही पाहावयाचे ते पाहिलेच पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळ होते तेव्हा आपल्याकडे पहाट असते, म्हणजे डबे करण्याची वेळ. त्या तासाची फी घेताना तो तास कोणता आहे याचा विचार हवा. आणि 'घरबसल्या हजारो रुपये मिळवा, फक्त नोंदणीचे पैसे आधी भरा' असे संदेश येतात, त्यांच्या वाटेस मुळीच जाऊ नये. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढी एक कसोटी पुरेशी आहे.

कायदाही हळूहळू जागा होत आहे. २०१७ साली प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर, आणि कामाचे स्वरूप तसे असल्यास रजेनंतर उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याची सोय, या गोष्टी आल्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरातून काम करणारा कामगार' याची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि २०२१ पासून असंघटित कामगारांची 'ई-श्रम' नोंदणी सुरू आहे. या घरातून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली एक करार केला, तो आपल्या देशाने अद्याप स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, ही मागणी योग्यच आहे. परंतु छत्रीबागेतील किंवा लोकमान्यनगरातील एखाद्या सुनेच्या माजघरातील वर्गापर्यंत कायदा पोहोचावयास वेळ लागेल. तोपर्यंत तिच्या कामाचे न्यायालय म्हणजे तिचे घर आणि तिची गल्ली. म्हणून आज माझे मागणे सरकारकडे कमी आणि वाचकांकडे अधिक आहे.

पहिले मागणे घरच्या माणसांकडे. बाईने घरात वर्ग काढला, फराळाचे काम घेतले किंवा संगणकावर हिशेब लिहावयास बसली, तर दिवसातले तिचे ते दोन तास घराने ठरवून सोडावेत. त्या वेळी मूल कोणाकडे असावयाचे, हे काम घेण्याआधी ठरवावे. नवरा, सासरे, दीर, कोणीही असो. ही मदत नव्हे, तो त्या धंद्यातला घराचा वाटा आहे. मूल निजले तर काम आणि उठले तर खोळंबा, अशा पायावर कोणताही धंदा उभा राहत नाही.

दुसरे मागणे गिऱ्हाइकांकडे, म्हणजे आपल्या सर्वांकडे. "घरातच तर शिकवता, थोडे कमी करा," "घरचेच पदार्थ, त्याला एवढे?" ही वाक्ये आपण उच्चारतो. सराफ्यात रात्री उभे राहून खाताना आपण भाव विचारीत नाही, आणि ओळखीच्या वहिनींच्या चकलीचा भाव मात्र पाच मिनिटे करतो. घरी शिकविणारीला जागेचे भाडे द्यावे लागत नाही असे वाटते. परंतु संध्याकाळभर बैठकीची खोली अडकते, मुलांचा अभ्यास आतल्या खोलीत ढकलला जातो, पाहुण्यांना थांबावे लागते. भाडे ती देतेच, फक्त पावती मिळत नाही.

तिसरे मागणे काम करणाऱ्या बाईकडे किंवा बाप्याकडे. आपल्या कामाला आपणच आधी काम म्हणावे. फी वर्ग सुरू होण्यापूर्वी सांगावी, मागून संकोचाने नव्हे. चुकलेल्या तासाचे काय करावयाचे, सुट्ट्या केव्हा, पैसे कोणत्या तारखेस, हे एका कागदावर लिहून द्यावे. पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात जमा करावेत. हिशेब ठेवावा. गाण्याच्या शिक्षकाला तालाचा हिशेब ठेवण्याची लाज वाटत नाही, तर पैशाच्या हिशेबाची का वाटावी?

त्या मुलीला मी हेच सांगितले. तिने आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, प्रारंभिक व प्रवेशिकेच्या मुलींसाठी वर्ग काढला आहे. तिचा नवरा त्या चार दिवशी सहाच्या आत घरी येतो, धाकट्याला खांद्यावर घेऊन छत्र्यांच्या बाजूस फिरावयास नेतो, आणि थोरली आजोबांकडे पाढे म्हणते. सध्या मुली पाच आहेत. एका आईने फी ऐकून म्हटले, "अग, घरातच तर शिकवतेस." ती म्हणाली, "होय काकू, आणि परीक्षाही तीच, जी मोठ्या क्लासच्या मुली देतात." दोन दिवसांनी ती मुलगी आली. दुसरी एकजण आली नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण योग्य दाम मागितले की सर्वच गिऱ्हाइके राहतात असे आश्वासन मी कोणाला देऊ शकत नाही.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. आई गेल्यावर तिची ट्रंक आवरताना मला एक लांबोडकी वही सापडली. तीत तिने शिकविलेल्या मुलींची नावे तिच्या वळणदार अक्षरात ओळीने लिहिली आहेत. कोण कोणत्या तारखेस आली, कोठवर पोहोचली, कोणाची कोणती परीक्षा झाली. पृष्ठाच्या उजव्या बाजूस तिने पट्टीने एक रकाना आखला आहे आणि वर 'रुपये' असे लिहिले आहे. पहिल्या दोन पानांवर त्यात काही आकडे आहेत. पुढे पानेच्या पाने नावे आहेत, राग आहेत, तारखा आहेत, आणि रकाना कोरा आहे. पैसे काही मुलींकडून येत होते, ते घरात खर्चही होत होते. मग ते लिहिण्याचे तिने का सोडले असेल, हे मी तिला कधी विचारले नाही. तिचे लिहिणे थांबले ते आणि मी शाळेच्या अर्जात 'गृहिणी' लिहिले ते, ही दोन्ही एकाच घरात घडली.

ती मुलगी वर्ग सुरू करण्याच्या आदल्या दिवशी पाया पडावयास आली, तेव्हा मी ती वही तिला दाखविली. तिचेही नाव तीत होते. मग बाजारातून आणलेली एक नवी वही तिच्या हाती दिली आणि इतकेच सांगितले, "बाई, उजवीकडचा रकाना कोरा ठेवू नकोस."